एकेरी दोर की दुहेरी दोर?

(बागायतदारांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्याच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'झाडावर चढण्याच्या दोन पद्धती'. काही जणांना वाटेल, भावाचे, बाजाराचे, कर्जाचे एवढे प्रश्न पडले असताना या माणसाने दोराचे काय काढले? भावाचा प्रश्न आहेच, त्यावर इथे दुपारनंतर बोलणे होणार आहे. पण आंबा बाजारात जाण्याआधी तो झाडावरून खाली यावा लागतो, आणि तो उतरवणारा माणूसही धड खाली यावा लागतो. आंबा खाली आला आणि माणूस आला नाही, तर त्या पेटीचा भाव कोणत्या हिशेबात बसवायचा?

मी कृषी पदवीधर आहे. हापूसची कलमे दहा मीटरवर लावा, खताची मात्रा किती, तुडतुड्याला फवारणी कधी, हे सगळे आम्ही पाठ केले. पण त्या कलमावर चढणार कोण, चढणार कसे आणि उतरणार कसे, यावर परीक्षेला एका गुणाचाही प्रश्न नव्हता. जणू झाडावर माणूस आपोआप उगवतो.

तुमच्या गावात आठवून बघा. रायवळ आंब्यावरून, फणसावरून, जांभळावरून पडलेला, पाठीचा कणा मोडून घरात खाटेवर पडलेला एखादा माणूस बहुतेक गावात निघेल. बारा मीटरवरून पाय सुटला तर जमीन गाठायला दीड सेकंद लागतो, आणि माणूस जमिनीवर आदळतो तो ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने. दीड सेकंदात देवाचे नावही पुरते घेऊन होत नाही.

तेव्हा दोराबद्दल बोलू. पण आधी एक गोष्ट साफ करतो. आज मी जे सांगणार आहे ते फांद्यांच्या झाडांबद्दल आहे. आंबा, फणस, चिंच, वड, रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, घरावर वाकलेले जुने झाड, अशी ती झाडे. माड आणि पोफळीला ते लागू नाही. माडाला फांदी नाही, दोर टाकायचा कशावरून? झावळीवरून टाकाल तर झावळ देठासकट हातात येईल. माडासाठी बुंध्याला धरून वर सरकणारी यंत्रे आहेत. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने तयार केलेले यंत्र देशभर पोचले. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला. ते सगळे चांगले आहे, पण तो वेगळा धडा. आज फांदीच्या झाडाचा.

आपल्याकडे दोर लावणे म्हणजे काय? कमरेला एक कासरा बांधायचा, वर गेल्यावर तो फांदीला गुंडाळायचा आणि कोयता चालवायचा. म्हणजे वर जाईपर्यंत दोर नाहीच. आणि पडलाच, तर कमरेच्या एका फासात सगळे अंग लटकणार, बरगड्या आणि पोट आवळणार. याला दोर लावणे म्हणत नाहीत. दोर लावणे म्हणजे मांडी-कमरेला धरणारा हार्नेस घालायचा, पाय जमिनीवर असतानाच त्याला दोर जोडायचा, आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत तो सोडायचा नाही. त्यासाठी खालूनच वजन बांधलेली बारीक दोरी मजबूत फांदीवरून फेकायची आणि तिच्या मागून चढायचा दोर ओढून घ्यायचा. इथपर्यंत दोन्ही पद्धती सारख्या. पुढे वाटा फुटतात.

पहिली, दुहेरी दोराची. दोर फांदीवरून घातला. त्याचे एक टोक हार्नेसला बांधले. दुसरी बाजू खाली लोंबते आहे, तिच्यावर एक पकडगाठ मारली आणि ती गाठही हार्नेसलाच जोडली. पकडगाठ म्हणजे अशी गाठ, की तिच्यावर भार पडला की ती दोर घट्ट धरते, आणि हाताने सैल केली की सरकते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये अशी एक गाठ प्रसिद्ध केली, तिला आजही प्रुसिकच म्हणतात. तिच्या पुढे अनेक बहिणी निघाल्या. आता माणूस दोर ओढतो, गाठ वर सरकवतो, तिच्यावर बसतो, पुन्हा ओढतो. उतरताना तीच गाठ हळूहळू सैल करायची. चढायला आणि उतरायला साधन एकच.

दुसरी, एकेरी दोराची. इथे दोर हलत नाही. एक तर तो वर फांदीला फास देऊन पक्का केलेला असतो, नाही तर फांदीवरून घालून त्याचे दुसरे टोक झाडाच्या बुंध्याला बांधलेले असते. माणूस त्या स्थिर दोरावर शिडीसारखा चढतो. हाताशी एक आणि पायाशी एक अशा वर सरकणाऱ्या, खाली न घसरणाऱ्या पकडी लावतो. ही पद्धत गुहा धुंडाळणाऱ्यांनी आणि गिर्यारोहकांनी वाढवली. आपल्या सह्याद्रीत सुळके चढणारी मुले ज्याला जुमार म्हणतात, ती हीच पकड. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती निघाली. झाडावर काम करणाऱ्यांनी ती पुढे उचलली.

लक्षात ठेवायला सोपा फरक सांगतो. बुंध्याला बांधलेला एकेरी दोरही वर जाऊन खाली येतो, म्हणजे लांबून बघणाऱ्याला दोन पदर दिसतात. म्हणून पदर मोजू नका. फांदीवरचा दोर फिरतो का, ते बघा. माणूस चढताना दोर फांदीवर सरकत असेल तर ती दुहेरी पद्धत. जागचा हलत नसेल तर एकेरी.

आता हिशेब करू. माणूस सत्तर किलोचा, हत्यारे आणि सामान पाच किलो. एकूण पंचाहत्तर.

दुहेरी दोरात त्याचे वजन दोन पदरांत वाटले जाते. प्रत्येक पदरावर साडेसदतीस. म्हणजे कप्पीसारखा फायदा मिळतो, अंगाच्या निम्म्या वजनाइतकाच जोर लावून वर जाता येते. पण निसर्ग फुकट काही देत नाही. दहा मीटर चढायचे तर वीस मीटर दोर ओढावा लागतो. शिवाय दोर सालीवर घासतो, त्या घर्षणाने तो निम्म्याचा फायदा बराचसा खाऊन टाकला जातो. सहा-सात मीटरच्या कलमाला हे चालते. वीस मीटरच्या रायवळावर माणूस वर पोचेपर्यंत त्याचे दंड भरून येतात, आणि थकलेल्या हातात कोयता असतो.

एकेरी दोरात एक मीटर चढायला एक मीटरच चढावे लागते, आणि जोर पायांचा लागतो. मांडीचे स्नायू दंडापेक्षा दणकट. म्हणून उंच झाडावर एकेरी दोर कमी दमवतो आणि लवकर पोचवतो. परदेशात उंच झाडांवर काम करणारे तिकडे वळले ते याच कारणाने.

इथे कोणी म्हणेल, मग झाले, एकेरी चांगला. थांबा. फांदीवर पडणाऱ्या भाराचा हिशेब अजून झालेला नाही.

दुहेरी दोरात फांदीवर भार किती? साडेसदतीस अधिक साडेसदतीस, म्हणजे पंचाहत्तर. माणसाच्या वजनाइतका. एकेरी दोर वर फांदीलाच बांधला, तरी पंचाहत्तर. पण तोच दोर फांदीवरून घालून बुंध्याला बांधला, तर माणसाच्या बाजूला पंचाहत्तर, आणि त्याला तोलून धरणाऱ्या बुंध्याच्या बाजूलाही तेवढाच ताण. फांदीवर दीडशे! सालीच्या घर्षणाने हा आकडा थोडा कमी होईल, पण हिशेबात दुप्पटच धरायचा. त्यात माणूस हिसके देत चढला तर आणखी वाढणार. जी फांदी एका माणसाला पुरते म्हणून डोळ्यांनी पसंत केली, तिच्यावर नकळत दोन माणसे टांगली जातात.

म्हणून चढण्याआधी फांदीची परीक्षा. दुहेरी दोर असेल तर दोघांनी मिळून खालून त्याला लोंबकळायचे. बुंध्याला बांधलेला एकेरी असेल, तर आधी तो बुंध्याला पक्का करायचा आणि मग चढण्याच्या पदराला दोघा-तिघांनी लोंबायचे. आणि झाड ओळखायचे. चिंचेची फांदी चिवट, वाकेल पण सोडणार नाही. जांभूळ आणि शेवगा दगा देणारे. आंब्याच्या फांदीत भिरूड शिरला असेल तर बाहेरून हिरवी दिसणारी फांदी आतून पोकळ असते. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला, सालीतून डिंक ओघळलेला दिसला, तर तिच्यावर दोर नको.

भिरुडाचे नाव निघाले म्हणून झाडाच्या बाजूचेही सांगतो. दुहेरी दोर फांदीवर करवतीसारखा पुढे-मागे घासतो. साल सोलवटते. आणि खोडकिड्याची मादी अंडी घालायला सालीतल्या भेगा आणि जखमाच शोधते. माणूस सुखरूप उतरला, पण पुढच्या वर्षी त्याच जागी भिरूड लागला, तर बागायतदाराचे नुकसान झालेच. त्याला उपाय आहे. दोन टोकांना दोन कड्या असलेला एक पट्टा फांदीवरून टाकायचा आणि दोर कड्यांतून ओवायचा. साल वाचते, दोर वाचतो आणि घर्षण कमी झाल्याने माणसाचे श्रमही वाचतात. एकेरी दोर जागचा हलत नसल्याने साल त्यामानाने कमी सोलतो. दाट पानोऱ्याच्या आंब्यात त्याचा आणखी एक फायदा आहे. दुहेरी दोराचे दोन्ही पदर एकाच बेचक्यातून मोकळे खाली यावे लागतात, मध्ये दुसरी फांदी आली की दोर अडकतो. बुंध्याला बांधलेला एकेरी दोर चार फांद्यांवरून गेला तरी काम देतो.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आपण सगळे चढण्याची चर्चा करतो. मांजरही झाडावर चढते. उतरताना मात्र ओरडत बसते. पद्धत चांगली की वाईट, हे ती माणसाला खाली कशी आणते यावरून ठरवा.

आंब्यावर लाल मुंग्यांचे घरटे फुटले, फणसावर गांधीलमाशा उठल्या, करवत हाताला लागली, तर माणसाला तत्काळ उतरता आले पाहिजे. दुहेरी दोरात तो पकडगाठीवर हात ठेवतो आणि उतरू लागतो. एका हातानेही जमते. एकेरी दोरावर जुमार लावून चढलेला माणूस तसा उतरू शकत नाही. जुमार फक्त वर जाते. त्याला आधी उतरण्याचे दुसरे साधन दोरावर चढवावे लागते, भार त्यावर घ्यावा लागतो, मग पकडी काढाव्या लागतात. शांतपणे करायला हे ठीक. अंगाला मुंग्या डसत असताना?

मग कोणी म्हणेल, एकेरी दोरावरही पकडगाठच मारू. तिथे धोका आहे. दुहेरी दोरात गाठीवर निम्मे वजन असते, एकेरी दोरात सगळे. भाराखाली गाठ एवढी आवळते की सैलच होत नाही, आणि सैल झाली तर एकदम घसरते. घसरली की तापते. नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळते, आणि त्याच्या कितीतरी आधी नरम पडते. म्हणून एकेरी दोरावर गाठीच्या वर घर्षणाचा वाटा उचलणारे वेगळे साधन लावतात. अमेरिकेतल्या केविन बिंगहॅम या झाडावर काम करणाऱ्या माणसाने 'रोप रेंच' नावाचे असे साधन तयार केले, त्याने एकाच जोडणीवर एकेरी दोराने चढणे आणि उतरणे दोन्ही जमते. ते साधन नसेल आणि वापरायचा सराव नसेल, तर एकेरी दोरावर नुसत्या पकडगाठीच्या भरवशावर उतरू नये. हे वाक्य घरी जाऊन सगळ्यांना सांगा.

आणि माणूस वर बेशुद्ध झाला तर? दोराने तो पडण्यापासून वाचला, पण हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साठते, आणि काही मिनिटांतही जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाची गाडी तालुक्यावरून येईपर्यंत थांबता येत नाही. दुहेरी दोरावरच्या बेशुद्ध माणसाला आणायला दुसऱ्या माणसाला दुसऱ्या दोराने वर जावे लागते. बुंध्याला बांधलेल्या एकेरी दोराचा इथे मोठा गुण आहे. बुंध्याशी साध्या गाठीऐवजी दोर हळूहळू सोडणारे साधन लावले, तर खालचा माणूस जमिनीवर उभा राहून वरच्याला अलगद खाली घेऊ शकतो. त्यासाठी दोर लांब हवा. फांदी पंधरा मीटरवर असेल तर वर जायला पंधरा, खाली यायला पंधरा, आणि सोडण्यासाठी आणखी पंधरा, म्हणजे पंचेचाळीस मीटर. तीस मीटरचा दोर घेऊन ही पद्धत वापरणारा अर्धीच सोय करतो. आणि बुंध्याशी बांधलेल्या या दोराजवळ खाली कोणी कोयता, कुऱ्हाड, करवत चालवायची नाही. वरच्याचा जीव तिथे बांधलेला असतो.

एवढे ऐकून तुम्ही मला विचाराल, मग आमच्या जिल्ह्याने काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. सुरुवात दुहेरी दोराने करा. आपली बहुतेक काढणी आणि छाटणी कमी उंचीच्या झाडांवर असते. साधने थोडी लागतात, फांदीवर भार कमी येतो आणि उतरणे सोपे असते. एक हंगाम, दोन हंगाम हात बसू द्या. उंच रायवळ, वड, जुना फणस यांच्यासाठी गावागटात दोन-तीन जणांना एकेरी दोराचे रीतसर शिक्षण द्या. दोराची भाषा जाणणाऱ्या गिर्यारोहक मुलांना बागेत बोलवा. त्यांना दोर कळतो, आपल्या गड्याला झाड कळते. दोघे एकत्र बसले तर काम होईल.

आणि पद्धत कोणतीही असो, कोयता किंवा करवत चालवताना मुख्य दोराशिवाय कमरेचा दुसरा आखूड दोर वेगळ्या जागी बांधलेला हवा. कारण करवत लाकूड आणि दोर यांत भेद करत नाही. ब्रिटनमध्ये तर अलीकडे झाडावर काम करणाऱ्याने दोन स्वतंत्र दोर, दोन स्वतंत्र आधार वापरावेत असा आग्रह धरला जातो.

दोर कोणता? बाजारात वजनावर मिळणारा निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर बैल बांधायला, ताडपत्री आवळायला ठीक आहे. तो उन्हात कुजतो आणि नायलॉनपेक्षा कितीतरी कमी उष्णतेला वितळतो. सुंभाचा दोर पावसात आतून सडतो. चढण्याचा दोर वेगळा असतो, अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे तो तुटायला किमान सुमारे २,४५० किलोचा ताण लागला पाहिजे. पंचाहत्तर किलोच्या माणसाला एवढा कशाला? कारण गाठीने ताकद घटते, उन्हाने घटते, चिकाने आणि वाळूने घटते, आणि हिसका बसला की भार कितीतरी पटीने वाढतो. हार्नेस घेताना आपल्याकडचे आयएस ३५२१ हे मानक बघून घ्या. आणि या दोराने कधी ओंडका ओढू नका, गाडी ओढू नका, गाय बांधू नका. एकदा त्या कामाला लागला की तो माणसाच्या कामातून गेला.

शेवटी पैशाचे. हा दोर आणि हार्नेस कोणी घ्यायचा? रोजावर येणाऱ्या गड्याने? त्याची ऐपत नाही, आणि ते त्याचे काम नाही. आपण उत्पादन खर्च मांडतो तेव्हा फवारणी यंत्राचा घसारा धरतो, पेट्या, पेंढा, वाहतूक, हमाली, तोलाई सगळे धरतो. दोर धरत नाही. मग बाजारात आपण जो भाव मागतो, त्यात माणसाच्या जिवाची किंमत शून्य लिहिलेली असते. आणि ती आपणच लिहिलेली असते, व्यापाऱ्याने नाही. आपल्या घामाचे मोल मागणाऱ्यांनी आपल्या झाडावर चढणाऱ्याच्या जिवाचे मोल आधी लिहायला हवे.

सरकारी मदतीच्या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला लागू आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो आपला गडी त्यात बसत नाही. नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना माडावर चढणाऱ्यांसाठी आहे. तिचा फायदा आपल्या पाडेल्यांना जरूर मिळवून द्या. पण फक्त आंब्या-फणसावर चढणारा तिथेही राहून जातो. त्याच्यासाठी आजच्या घडीला दोर हाच विमा आहे.

म्हणून या मेळाव्यापुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक गावच्या बागायतदारांनी वर्गणी काढून एक संच घ्यावा. दोन दोर, दोन हार्नेस, सालीचा पट्टा आणि खालून माणूस सोडण्याचे साधन. दोन हार्नेस अशासाठी, की वर गेलेल्याला आणायला दुसरा जाऊ शकला पाहिजे. दोन, दोराच्या वहीत प्रत्येक वापराची तारीख लिहावी, आणि ज्या दोराला काप गेला, वितळल्याचा डाग पडला किंवा आतून कडक गाठ लागली, तो दोर त्याच दिवशी तोडून टाकावा, घरात ठेवू नये. तीन, एकटा माणूस झाडावर चढवायचा नाही. खाली दुसरा उभा हवा, आणि त्याला वरच्याला खाली आणता आले पाहिजे. असा दुसरा माणूस मिळत नसेल तर त्या दिवशी आंबा झाडावर राहू द्या. आंबा एक दिवस थांबतो.

हे तीन ठराव हात वर करून मंजूर करायचे आहेत. पण हात वर करण्याआधी आपापल्या बागेत वर चढणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा आणि मगच करा.